कोंबडीच्या गोष्टीची चित्रकार

इनासकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी खारेपाटणला एका निवृत्त गुरुजींच्या पडवीत बसले होते. मांडीवर दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक दिवाळी अंक होता, आणि ज्या नावासाठी मी मालवणहून दोन गाड्या बदलून आले होते ते नाव नुकतंच सापडलं होतं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, शेंगदाण्याएवढं. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि काकांच्या मुलीला, रोझीला, पाठवणार तेवढ्यात तिचाच फोन वाजला. "मावशी, पपा गेले गो. आताच, अर्धो तास झालो." मी "हां" म्हटलं. फोन ठेवल्यावर गुरुजींनी विचारलं, सापडलं का? त्यालाही मी "हां" म्हटलं. मग किती वेळ नुसती त्या पानाकडे बघत बसले कोण जाणे…

परवा चर्चमध्ये त्यांच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. इनास डिसोजा हे नाव मालवणच्या किनाऱ्याबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. ते होड्या रंगवायचे. होडीच्या नाळेजवळ, पुढच्या टोकाशी, दोन्ही अंगांना नाव, नावाच्या मागेपुढे एखादं कमळ, मासा, क्रूस किंवा चांदतारा, ज्याचा जो देव असेल तसा. पावसाळा संपत आला की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. आमच्या वाचनालयाची पाटीही तेच रंगवत. एका वर्षी पाटी वाळेपर्यंत कुठं बसायचं म्हणून ते आत आले आणि मुलांच्या टेबलापाशी बसले. वीस वर्षं मी तिथली ग्रंथपाल. रंगाचे हात पुस्तकांना लागतील म्हणून मी डोळे वटारून बघत होते. त्यांनी हात शर्टाला पुसले, एक बालमासिक उघडलं आणि थोड्या वेळानं मला विचारलं, "ह्यां चित्र कोणी काढल्यान गो?"

मी लेखकाचं नाव सांगितलं. "गजाल कोणी लिवल्यान तां नाय. चित्र कोणी काढल्यान?" मी दाखलनोंदवही उघडली. तिच्यात लेखक होता, प्रकाशक होता, पानं होती, किंमत होती, चित्रकाराचा रकानाच नव्हता. शेकड्यांनी सचित्र पुस्तकं मी हाताखालून घातली होती आणि त्यातली चित्रं आपोआप उगवतात अशीच माझी समजूत असावी. पाटी वाळली तसे काका निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी परत आले, आणि मग येतच राहिले.

चित्र कसं बघायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. शाळेत चित्रकलेत मला कायम काठावरचे गुण, त्यामुळे हे कबूल करायला संकोच नाही. आजची नवी मुलं-मुली जी चित्रं काढतात, चित्रकथा करतात, ती मला आधी अर्धवट वाटायची. नाक नाही, बोटं तीनच, घर वाकडं. काका म्हणायचे, "वाकडा नाय, वाकवलेला आसा. रेघ बघ. हात उचलूक नाय कुठंच." नाव ठाऊक नसलेल्या चित्रकारांना ते आपली नावं ठेवत. एक होता टिंबवालो, एक केसाळ, एक जाडरेघ्या. कधी मोबाइलवर मी त्यांना पुण्या-बंगळूरच्या पोरांच्या चित्रकथा दाखवायची. मी बोटानं पुढे सरकवत गेले की ते माझं मनगट धरत. "थांब. चित्राक घाई नसता." शेवटी मी एक वेगळी वही केली, चित्रकारांची. काकांनी ठेवलेलं नाव पेन्सिलनं, आणि खरं नाव सापडलं की ते शाईनं. टिंबवाल्याचं नाव सापडलं त्या दिवशी काकांनी वाचनालयातल्या पोरांना गुळाचं खाजं वाटलं. पोरंही मग लेखकापेक्षा टिंबवाल्याचं पुस्तक मागू लागली.

त्यांचं सगळ्यात लाडकं चित्र मात्र एका जुन्या दिवाळी अंकातलं. चार पानांची चित्रकथा, शब्द एकही नाही. एक म्हातारी पिशवीत कोंबडी घालून एसटीनं निघते. कोंबडी पिशवीतून मान काढून खिडकीबाहेर बघते. शेवटच्या चौकटीत म्हातारी रस्त्याच्या कडेला उतरून पाठमोरी चालली आहे, हातात पिशवी. काकांनी विचारलं, "कोंबी खंय आसा?" मी म्हटलं, पिशवीत. "दिसता?" नाही. "मगे तुका कशी कळली?" मी पुन्हा पाहिलं. पिशवीचा एक कोपरा जरासा बाहेर आला होता, आतून कुणीतरी पाय दिल्यासारखा. एवढंच. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. न काढलेली कोंबडी मी पाहिली होती.

ही चित्रकथा कुणाची, हे मात्र सापडेना. पानावर सही नव्हती, अनुक्रमणिकेतही नाव नव्हतं. काका म्हणाले, "काय जणां सय करनत नाय. मी खंय करतंय? होडयेर नाव होडयेचा आसता, रंगवणाऱ्याचा नाय." एकदा मी त्यांना म्हटलंही होतं, निदान आमच्या पाटीखाली बारीक अक्षरात नाव घाला. ते हसले आणि ब्रश रॉकेलात बुडवून निघून गेले. त्या बिनसहीच्या चित्रकाराशी त्यांचं गोत्र जुळलं, असं मला वाटे. आणि ते वाटलं की मी विषय बदलायची.

कारण सही होती. ती मीच कापून घेतली होती.

दिवाळी अंक सगळे सारख्या आकाराचे नसतात. कुणी बोटभर उंच, कुणी बुटका. आमच्याकडे वर्षाचे अंक एकत्र बांधायची पद्धत आहे, आणि कपाटात ते गठ्ठे एका उंचीचे दिसावेत हा माझा हट्ट. बांद्याहून बाइंडर येई. बिचारा म्हणायचा, बाई, मजकूर जाईल. मी म्हणायची, मजकूर जाणार नाही एवढं बघून छाटा. मजकूर कधी गेला नाही. टापटिपीबद्दल मला एकदा शाबासकीही मिळाली. पण चित्रकार सही करतो ती पानाच्या अगदी कडेला, आणि ती कुणाच्या लेखी मजकूर नव्हती. बांधून आलेल्या गठ्ठ्यांकडे काका मन लावून बघत तेव्हा मला हळूहळू उमगलं की मी काय केलंय. सांगायचा धीर मात्र झाला नाही. सात वर्षं. रोज दिसणाऱ्या माणसाला सात वर्षं एक वाक्य सांगता येत नाही, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

काका आजारी पडले, ब्रश धरवेना, होड्या सुटल्या. मी गठ्ठा घेऊन त्यांच्या घरी जायची. शेवटच्या भेटीत त्यांनी कोंबडीचं पान उघडायला सांगितलं, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, काका, ह्या पानावर सही होती. माझ्या हौसेपायी ती कापली गेली.  त्यांनी शेवटच्या चौकटीच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं एक बारीक आडवी रेघ होती, तिच्यावर एक ठिपका आणि टोकाला एक वाकडी काडी. मी आजवर त्याला रस्ता, खडा आणि गवत समजत आले होते.

"जल्मभर अक्षरां रंगवलंय मी," काका म्हणाले. "वरची रेघ माका कळना नाय? अक्षरां खाली कापान गेली, डोक्यावरचा तेवढा रवला. माका पयल्याच दिसा कळला."

मी विचारलं, मग बोलला का नाही?

"तुका वायट वाटात म्हणान." आणि जरा दम घेऊन, "आता तू बोललंस, आता शोध. खंयतरी न कापलेलो अंक आसतलो. वेलांटी आसा शेवटाक. बाईमाणूस आसतला."

खारेपाटणचे गुरुजी दिवाळी अंक बांधत नाहीत, सुतळीनं गठ्ठा करून ठेवतात, हे मला त्याच संध्याकाळी फोनाफोनी करून कळलं होतं. पण वाचनालयाची वार्षिक मोजणी चालू होती. एक-एक पुस्तक कपाटातून काढून ताडून बघायचं, माझ्यावाचून ते कोण करणार… असं मला वाटलं. आठ दिवसांनी निघाले. तळेऱ्याला गाडी थांबली तेव्हा रोझीला फोन करून विचारलं, कसे आहेत? ती म्हणाली, पेज प्याले, तुझी वाट बघतात. त्या आठ दिवसांची मला लाज वाटते, आणि ती जाणारी नाही.

चित्रकाराचं नाव दमयंती. आडनाव नाही, एवढंच. खडा म्हणजे अनुस्वार, गवत म्हणजे शेवटची वेलांटी. मिस्सेला जाण्याआधी मी फोटोवरून छापून घेतलेलं ते पान काकांच्या घरी नेलं. रोझीनं ते त्यांच्या ब्रशांच्या डब्याशेजारी, घरातल्या अल्ताराखाली, येशूच्या देव्हाऱ्याखाली ठेवलं. दमयंतीबाईंना प्रकाशकांच्या पत्त्यावर मी पत्र घातलंय. पिशवीचा कोपरा मालवणात कुणीतरी पाहिला होता, हे त्यांना कळायला हवं. बाइंडरला सांगून ठेवलंय की यंदा काही छाटायचं नाही. कपाटात अंक आता खालीवर दिसतील, दिसोत.

मिस्सेहून परतताना वाचनालय उघडलं. वहीत कोंबडीच्या गोष्टीपुढचा रकाना सात वर्षं रिकामा होता; तिथं नाव लिहिलं. वही मिटणार तोच वाऱ्यानं दारावरची पाटी कुरकुरली. वीस वर्षं मी तिच्याखालून आत-बाहेर करतेय. कुणाची आहे म्हणून कुणी विचारलं नाही, आणि मीही कुठं नोंद केली नाही. मी वही पुन्हा उघडली, नवी ओळ घेतली. वाचनालयाची पाटी. चित्रकार, इनास डिसोजा. ओळ शाईनंच लिहिली, आणि वाळेपर्यंत मुलांच्या टेबलापाशी बसून राहिले.