अय्यांनी मागे घेतलेले पाय

माझा जीव एका जागी टिकत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लातूरला नीटच्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते, आणि तिथंही खुर्चीवर बसून शिकवलेलं मला आठवत नाही. प्रश्नाखाली चार पर्याय, त्यातला एक बरोबर, अशा हिशेबात माझा दिवस जातो. नांदेडला घरी गेलं की मात्र एक प्रश्न तसाच पडून असायचा. आईनं त्याचं उत्तर कधीच लावून टाकलं होतं आणि मला ते पटत नव्हतं.

माझे आजोबा औशाकडच्या एका गावात जंगम होते. आम्हा लिंगायतांत जन्म, लग्न, मरण, कशालाही जंगम लागतो. गाव त्यांना अय्या म्हणायचं. ते दारी आले की लोक आधी त्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचे. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, आणि त्याआधी जंगम त्याच्या डोक्यावर उजवा पाय ठेवतो. तो पाय पडला की गेलेल्याची वाट मोकळी झाली, असं मानतात. थोडक्यात, अय्यांचा सगळा अधिकार त्यांच्या पायांत होता.

अशा माणसानं माझ्या आईला पाया पडू दिलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वर्षा-दोन वर्षांत आई-अप्पांचं लग्न झालं. आई व्यापाऱ्याच्या घरातली. लिंगायतच, पण जंगम नाही. अप्पा भूकंपाच्या आधीपासून बाहेरगावी होते, तिथं त्यांनी स्वतः पसंत केलेली. मांडवात ती वाकली आणि अय्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. सगळ्या वऱ्हाडासमोर. अप्पांचं डोकं फिरलं. ते तिला घेऊन नांदेडला आले, धान्याच्या मोंढ्यात आडत्याकडं नोकरीला लागले आणि गावाचं नाव टाकलं. मी शाळेत असताना अय्या वारले, तेव्हाही आमच्या घरून कुणी गेलं नाही. हा अप्पांचा हट्ट, असं मी धरून चालले होते.

आई अजूनही लग्नाला गेली की मागच्या खुर्चीवर बसते. थोरामोठ्यांच्या पाया पडायची वेळ आली की पाणी प्यायच्या निमित्तानं उठते. "जंगमाच्या पायाला वाण्याची पोर चालली नाही," एवढंच ती म्हणायची. आता या वयात तरी तिनं ते विसरावं, असं मला फार वाटायचं. पण विसर म्हटलं म्हणून कोण विसरतं?

गेल्या वर्षी प्रवेशाच्या धांदलीत एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन क्लासवर आले. गाव कुठलं, कुणाची कोण, अशी चौकशी झाली आणि मी अय्यांची नात आहे कळताच ते चक्क वाकले. जंगमाची पोर वयानं लहान असली तरी जुनी माणसं तिच्या पाया पडतात. मला ते कधी मानवलं नाही. मी मागे सरकले.

"तुमीबी पाय मागं घेताव व्हय?" ते म्हणाले. "अय्याबी भूकंपापस्नं कुनाला धरू देत नव्हते."

"कुणालाच?"

"कुनालाच न्हाई. का म्हून इचारलं की उठून जायाचे."

म्हणजे फक्त आईलाच नाही. त्या दिवशी पेशीविभाजन शिकवताना मी एक टप्पाच गाळला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीनं तो दाखवून दिला.

रविवारची टेस्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारून मी औशाची बस धरली, तिथून पुढं जीप. जुन्या गावठाणाचा ढिगारा आता बाभळींत बुडालाय. नवं गाव एकसारख्या घरांच्या रांगांचं. मठातल्या स्वामींनी "थोर होते" म्हणून अंगारा दिला. किराणावाल्यानं मला अय्यांनी पाय मागे घेण्याची तीन कारणं सांगितली: नवस, नायटा आणि मठाशी भांडण. इथंही पर्यायच. माझी चिडचिड बघून तो म्हणाला, "रांगेच्या शेवटाला ब्लाऊज शिवनारी हाय, तिला इचारा. अय्याचं शेवटाला तिनंच केलं."

ती चाळिशीची असेल. मी कोण ते ऐकल्यावर तिनं मशीन थांबवलं आणि मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"माझी आय, बा, भाऊ, समदे भूकंपात गेले," ती म्हणाली. "पाऊस लागलेला. मढी किती म्हून पुरनार? मिलिटरीवाले म्हनले, जाळा. आपल्यात जाळत न्हाईत. मग लोकं अय्याला म्हनले, पाय तरी ठिवा. अय्या वळीनं ठिवत आले. माझ्या डोक्यावर ठिवला आन मी कन्हले."

मी खाली बसले.

"मला दवाखान्यात न्हेलं. अय्या मागं मढ्यांपाशीच बसून राहिले म्हनं. जित्या लेकराला मढ्याचा पाय दिला म्हून. मी मोठी झाल्यावर लई येळा सांगितलं त्यास्नी, त्यो पाय पडला म्हून मी जागी झाले, न्हाईतर सरनावर गेले आसते. ऐकायचे न्हाईत. म्हनायचे, तुज्या आदी जेवढ्यांवर ठिवला, त्यात आनखी कुनी जितं आसंल तर?"

"तुम्हाला तरी धरू दिले का पाय, आक्का?"

"जित्तेपनी न्हाई. गेल्यावर धरले. दुसरं कोन हुतंच तितं, माय?"

त्याच दिवशी मी नांदेड गाठलं. लोह्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले, कंडक्टर वैतागला. मला कधी एकदा आईला सांगते असं झालं होतं. इतक्या वर्षांचं तिचं ओझं मी एका वाक्यात उतरवणार होते.

आई भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आई, ते तुझ्यामुळं नव्हतंच."

तिचे हात परातीत थांबले. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "शेवटी त्यांच्यापाशी कोण होतं म्हणालीस?"

"ती शिवणकामवाली. एकटीच."

"निरोप आला होता," आई म्हणाली. "सुनेला घेऊन ये, असा. तुझे अप्पा चप्पल घालून दारात उभे होते. मीच जाऊ दिलं नाही."

"जाऊ दे आता," बाहेरच्या खोलीतून अप्पा म्हणाले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

पण आई थांबली नाही. "मला वाटलं, आता गरज पडली म्हाताऱ्याला. पडू दे म्हटलं. वाट बघू दे जरा."