बाबांनी मागितलेलं वांगं

माझे बाबा, सुखदेव रामटेके, यांनी आयुष्यात कधी वांगं खाल्लं नाही. भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं आईचं म्हणणं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं भरली वांगी केली. बाबांनी रस्सा पोळीला लावून खाल्ला आणि चारही वांगी ताटाच्या कडेला एका रेषेत, सारख्या अंतरावर मांडून ठेवली. फिटर माणूस. नको असलेली वस्तूसुद्धा मापात ठेवायचा.

आणि याच माणसानं शेवटच्या दिवशी इस्पितळात वांगं मागितलं. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणून तर सगळा घोळ झाला.

बाबा भंडाऱ्याहून आयटीआय करून फरीदाबादला आले ते मित्राबरोबर, अंबादास काकांबरोबर. काकांना दिल्लीत सरकारी नोकरी लागली, बाबांना इथल्या गिअर बनवणाऱ्या कारखान्यात. मशीन बंद पडली की बाबांना हाक मारायची, एवढंच त्यांच्या कामाचं वर्णन. पस्तीस वर्षं त्यांनी हाका ऐकल्या. साठाव्या वर्षी निवृत्त झाले, तर तीन महिन्यांत कारखान्याने त्यांना परत बोलावलं, आठवड्यातून तीन दिवस. कारण नव्या फिटरांना मशीनचं पुस्तक वाचता येत होतं, पण मशीन काय म्हणतेय ते कळत नव्हतं. हे बाबांचं मत. नवे फिटर त्यावर काय म्हणायचे ते मला माहीत नाही.

आमचं घर पाच नंबर नावाच्या वस्तीच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, वर गच्ची, पुढे लोखंडी फाटक. फाटकाच्या बाहेर हिंदी आणि आत मराठी, असा बाबांचा नियम होता. तो मोडायचा मान कायम माझ्याकडे. सहावीत असताना एकदा मी शाळेतून आले आणि म्हणाले, "बाबा, माझी बाटली खाली आहे."

बाबा शांतपणे उठले, वाकले, टेबलाखाली बघितलं. मग पलंगाखाली.

"खाली तर नाही दिसत, लुंबिनी."

"अहो, खाली म्हणजे एम्प्टी!"

"मग रिकामी म्हण की. माझे गुडघे वाचतील."

असं ते वर्षानुवर्षं करत राहिले. मी 'डबा खाली' म्हटलं की ते वाकायचे. मी इंजिनिअर झाले, गुरुग्रामला सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीला लागले, तरी ते वाकायचे. नंतर नंतर गुडघ्यांमुळे नुसती मान वाकवायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या फुप्फुसात संसर्ग झाला. तीन आठवडे इस्पितळात होते. सिस्टर केरळच्या, शेजारचे पेशंट पलवलचे, त्यामुळे बाबांचं दिवसभर हिंदी चाललेलं. एक सप्टेंबरच्या दुपारी आई आंघोळीला घरी गेली होती. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. बाबांनी डोळे उघडले आणि तारीख विचारली.

"एक," मी म्हणाले.

ते एकदम अस्वस्थ झाले. तोंडावरचा मास्क त्यांनी जरा बाजूला केला आणि काहीतरी म्हणाले. मी कान जवळ नेला. त्यांनी परत म्हटलं. मला ऐकू आलं : बैंगन.

"बैंगन?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणत होते की हो, कळलं नाही. मग हात वर करून अंगठा दोनतीनदा दाबून दाखवला, बोटांत काहीतरी धरल्यासारखा.

"छोटी वांगी? भरली वांगी हवीत?"

त्यांनी डोळे मिटले. टेबलाखाली बाटली सापडली नाही की ते जसे बघायचे, तसा त्यांचा चेहरा झाला होता. हे मला आता आठवतं. तेव्हा मला वाटलं, दमले.

सिस्टर मास्क नीट बसवत म्हणाल्या, "अंकल, बैंगन कल खिलाएगा. अभी ऑक्सिजन खाओ."

मी आईला फोन लावला. "आई, बाबांना वांगं खायचंय."

मग आई म्हणाली, "कोणाच्या बाबांना?"

पण ती बाजारात गेली. वांगी भाजली, भरीत केलं आणि संध्याकाळी डबा घेऊन आली. बाबा झोपले होते. उठले की देऊ, असं ठरलं. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गेले. डबा तसाच बंद, स्टुलावर.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरीच केला. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, गच्चीवर जेवणं झाली. जेवणात आईनं हट्टानं भरीत ठेवलं होतं. अंबादास काकांनी पानात बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, सुखदेव आणि वांगं? मी याच्याबरोबर तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मी वांगं आणलं तर हा पिशवीसकट शेजाऱ्याला द्यायचा."

"शेवटी तेच मागितलं, भाऊजी," आई म्हणाली.

काकांनी मग भरीत दोनदा घेतलं.

भांडी घासताना आई मला म्हणाली, "अडतीस वर्षं, लुंबिनी. माझ्या हातचंच आवडलं नसेल. त्यांच्या आईच्या हातचं आवडत असेल. बोलले नाहीत कधी."

"आई, असं काही नसतं."

"मग कसं असतं? जो माणूस वांगं खात नाही, तो मरताना वांगं मागतो? तुमच्या कंप्युटरमध्ये असं होतं का?"

कंप्युटरमध्ये असं होतं. तेव्हा आम्ही म्हणतो, नोंद चुकली असेल. पण मी ते बोलले नाही, कारण नोंद माझी होती.

मग आमच्या घरी वांग्यांचे दिवस सुरू झाले. आई दर दोनतीन दिवसांनी वेगळ्या रीतीनं वांगी करायची. तीळ-शेंगदाणे घालून, खोबरं घालून, नुसत्या लसणावर, काप करून, सुकं, पातळ. पहिला घास मला द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

"हे असं आवडलं असतं का त्यांना?"

मी दर वेळी हो म्हणायचे. दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरायचा, कारण हो म्हणजे तिला हे आधी सुचायला हवं होतं. एकदा वैतागून नाही म्हटलं, तर म्हणाली, "बघ, मला येतच नाही." ती रडली नव्हती. कार्यक्रमात नाही, नंतरही नाही. नुसती वांगी चिरत होती.

त्यातच आमचं फाटक किंचाळायला लागलं. पेपरवाला, दूधवाला, मी, मांजर, कोणीही ढकललं तरी गल्लीभर ऐकू जायचं. शेजारच्या आंटी म्हणाल्या, "बेटा, गेट है कि मोर है?" आई म्हणाली, त्याचं काहीतरी कर. मी वेल्डरला बोलवते म्हणाले आणि विसरले. लोखंडातलं मला काही कळत नाही. ते खातं बाबांचं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी कारखान्यातून नफे सिंहांचा फोन आला. नफे सिंह म्हणजे बाबांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काम केलेले फिटर, झज्जरकडचे, मिशा सोडल्या तर अतिशय मऊ माणूस. म्हणाले, "बिटिया, मिस्त्रीजी का सामान पड़ा है लॉकर में. ले जा. मेरे से वो ताला देख्या नहीं जाता."

मी गेले. आत जाताना त्यांनी मला कानात घालायला बोळे दिले. मशीनच्या रांगेतून चाललो होतो, तेवढ्यात एक मशीन कुरकुरायला लागली. नफे सिंह थांबले आणि तिथल्या ऑपरेटरवर ओरडले.

"ओए! सुणता कोनी? वंगण दे इसने, वंगण!"

मी कानातला बोळा काढला. "अंकल, क्या बोला आपने?"

"वंगण. तेल-ग्रीस, बिटिया." हे मला ठाऊक नाही म्हणून ते माझ्याकडे जरा संशयानं बघायला लागले. "तन्ने नहीं बेरा? तू तो इंजीनियर सै."

"ये मराठी है?"

"मराठी सै?" नफे सिंह थक्क झाले. "मैं तो पच्चीस साल से अंग्रेज़ी समझ रह्या था."

भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर खडूनं मशीनचे नंबर आणि वार, आणि वर मोठ्या अक्षरांत, कोणा हिंदी हातानं लिहिलेला मथळा : 'वंगन'. हरियाणा, बिहार, गढवालची पोरं तो मथळा रोज वाचत होती. बाबांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला शिकवलेला तो शब्द. मशीन कुरकुरली तर तिला शिव्या देऊ नका, वंगण द्या. आणि मला, त्यांच्या पोटच्या मुलीला, तो शब्द येत नव्हता. घरी मी ऑइल म्हणायचे.

ऑपरेटरनं लांब चोचीची तेलाची कुपी उचलली, चोच मशीनच्या सांध्यात घातली आणि बुडावर अंगठा दाबला. टक, टक, टक.

तो अंगठा मी पाहिलेला होता.

लॉकरची कडी नफे सिंहांनीच काढली. आत डबा, एप्रन, चष्म्याचं घर, बाबांची स्वतःची जुनी कुपी. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक तक्ता, बाबांच्या गोल अक्षरात. मशीन नंबर चार, दर सोमवार. नंबर सात, दर गुरुवार. असं करत करत सगळ्यात खाली एक ओळ : 'घरचं फाटक, दर १ तारीख'. पुढे महिन्यांचे चौकोन, प्रत्येकात बरोबरची खूण. शेवटची खूण ऑगस्टची. सप्टेंबरचा चौकोन मोकळा.

आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात, रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहा, तुम्हाला जे समजलं ते लिहू नका. मी बाबांच्या वंगणाचं आधी हिंदीत बैंगन केलं, मग त्या बैंगनचं आईसाठी नीट मराठीत भाषांतर केलं आणि मूळ शब्द पुसून टाकला. इतका स्वच्छ चुकीचा रिपोर्ट मी नोकरीत कधी दिलेला नाही.

घरी आले. फाटक किंचाळलं. आई स्वयंपाकघरात होती, पुढ्यात वांगी.

"आई, वंगण म्हणजे काय?"

"ऑइल गं. यंत्राला घालतात ते. काहून?"

"बाबांनी ते मागितलं होतं. वांगं नाही."

आईनं विळी बाजूला केली. मी तिला सगळं सांगितलं, तारीख, अंगठा, तक्ता. फोनमध्ये काढलेला तक्त्याचा फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून शेवटच्या ओळीवर बराच वेळ धरला.

"तू मला सांगितलंस वांगं."

"मला बैंगन ऐकू आलं."

"मग बैंगन म्हणाले, असं सांगायचं ना! मी तिथंच ओळखलं असतं. तुझ्याशी बोलताना ते बैंगन कशाला म्हणतील? तो माणूस जन्मात तुझ्याशी हिंदी बोललाय?"

तिनं फोटोतली फाटकाची ओळ परत वाचली. मग ती म्हणाली, "पहिल्या शिफ्टला पाच वाजता निघायचे. केव्हा गेले, मला कधी कळायचं नाही. मला वाटायचं, माझीच झोप गाढ आहे. सगळ्यांना सांगायची मी, माझ्या उशाशी ढोल वाजवा." तिनं फाटकाच्या दिशेनं बघितलं. "आता दोन महिने पहाटे दचकून जाग येते. मला वाटलं, दुःखानं."

"पेपरवाला असतो, आई."

"हो ना! पेपरवाला!" आणि ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. वांगी मी पायानं जरा लांब सरकवली.

मग तिनं डोळे पुसून अंबादास काकांना फोन लावला. "भाऊजी, जयभीम. ऐका. यांनी वांगं मागितलंच नव्हतं. नाही, नाही, पोरीचे कान. हो, दिल्लीचे कान. म्हटलं होतं ना मी, त्यांना वांगं आवडत नाही? अडतीस वर्षं ओळखते मी त्यांना!" काका पलीकडून काय म्हणाले कोण जाणे, पण आईचा आवाज इतका विजयी मी फार दिवसांनी ऐकला.

एक तारखेपर्यंत थांबायचं, असं तिनंच ठरवलं. एक नोव्हेंबरला सकाळी मी बाबांची कुपी घेऊन फाटकाशी गेले. कुठं घालायचं ते आई पायरीवरून सांगत होती, जणू ती जन्मभर कारखान्यात होती. वरच्या बिजागरीत तीन थेंब, खालच्या बिजागरीत तीन. टक, टक, टक. मी फाटक उघडलं, लावलं, परत उघडलं. काही आवाज नाही.

"आता तू केव्हा आलीस-गेलीस, मला कळणार नाही," आई म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी भाजी भेंडीची होती.

विसरायला नको म्हणून मी फोनला बोलून सांगितलं, दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला आठवण कर : वंगण. फोननं ते ऐकलं आणि नीट लिहून घेतलं : बैंगन. मी ते दुरुस्त केलेलं नाही. महिन्यातून एकदा पडद्यावर वांगं उगवतं, मी कुपी उचलते, आणि ती खाली असेल तर आधी रिकामी म्हणते, मग भरते.