सहा फुटी हिरवा बोका

आमच्या सासूबाई शिंपीण आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे रामायण झालं ते त्यांच्या धंद्यामुळे झालं. खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटलं, नेहमीसारखं.

चाळीस वर्षं त्या लोकांचे कोट आणि पोरांचे गणवेश शिवतायत. मी त्यांच्या हाताखाली काजं-बटणं करते. त्यांची एक मापाची वही आहे. माप लिहून झालं की त्या मोठ्यांदा वाचतात, पटलं की कपड्याच्या नावाच्या डोक्यावर एक तिरकी रेघ ओढतात, आणि काम हातावेगळं झालं की नावापुढे एक उभी रेघ. तिरकी म्हणजे तपासलं, उभी म्हणजे संपलं. हात आपोआप चालतो. वाण्याच्या यादीवर रेघा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर रेघा. माझ्या लग्नाच्या फोटोमागे माझं नाव लिहिलंय, त्याच्यावर तिरकी रेघ आहे. उभी अजून ओढलेली नाही, हे माझं नशीब.

त्यांची थोरली बहीण म्हणजे अक्का. दर गुरुवारी अक्का बसने यायच्या, दुकानात बसून सासूबाईंच्या शिवणीला नावं ठेवायच्या, दोघी कडाकडा भांडायच्या, चहा प्यायच्या, आणि चारच्या बसने अक्का परत. मग अक्कांचा गुडघा गेला. दुकानासमोर रस्त्यापलीकडे थांबा आहे, पण तिथे एका खांबाशिवाय काही नाही, आणि चारची बस कधी चारला आलेली मी तरी पाहिली नाही. दुकानात बसून वाट पाहावी तर रस्ता ओलांडेपर्यंत बस पसार. मी आपलं दुकानातलं स्टूल नेऊन ठेवलं, तर म्हणाल्या, "मी काय रस्त्यावर भाजी विकायला बसलेय?" एका गुरुवारी पाऊण तास खांबाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि जाताना जाहीर केलं, "इथे नीट बसायची सोय झाल्याशिवाय मी यायची नाही!"

चार गुरुवार गेले. सासूबाई म्हणायच्या, "बरं झालं बाई, डोक्याची कटकट गेली." आणि त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही डाव्याच बाह्या लावून ठेवल्या.

मला बघवेना. मी नगरपालिकेत जाऊन चौकशी केली. तिथे सभेचं कामकाज लिहिणाऱ्या कारकूनबाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हणाल्या, महिन्यातून एकदा सभा भरते, कोणीही रहिवासी मागच्या खुर्च्यांवर येऊन बसू शकतो. बोलायचं असेल तर आदल्या दिवशीपर्यंत अर्ज द्यायचा. सभेत तीन मिनिटं मिळतात, घंटा वाजली की गप्प बसायचं, आणि जे बोलायचं ते अध्यक्षबाईंकडे बघून. "एवढंच?" मी म्हटलं. "एवढंच. पण येतं कोण?" त्या म्हणाल्या.

अर्ज सासूबाईंनी स्वतः लिहिला. माझ्यावर विश्वास नाही ना! काय पाहिजे, केवढं, कुठे, सगळं मापासकट. मोठ्यांदा वाचला, समाधानाने मान हलवली आणि पेटीत टाकला.

सभेच्या दिवशी त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या, अध्यक्षबाईंकडे बघितलं, आणि ती नजर मी ओळखते. "अध्यक्षबाई," सासूबाई म्हणाल्या, "हा कोट कोणी शिवला हो? डावा खांदा अर्धा इंच उतरलाय." पुढची अडीच मिनिटं त्या खांद्यावर गेली. मी मागून पदर ओढतेय, छे! घंटा वाजली तशा त्या दचकल्या आणि घाईघाईने म्हणाल्या, "बाकीचं सगळं अर्जात लिहिलंय!"

आमच्या भागाचे सदस्य आहेत, त्यांना आम्ही हातवरसाहेब म्हणतो. कुठलाही विषय येऊ दे, त्यांचा हात वर. ते म्हणाले, "अर्जाप्रमाणे मंजूर करावं असं मी सुचवतो." दुसऱ्या कोणीतरी अनुमोदन दिलं. हात वर झाले, पंखा फिरत राहिला, ठराव मंजूर. सासूबाई घरी येईपर्यंत हवेत होत्या. अक्कांना फोन करून म्हणाल्या, "एका घंटेत काम केलं, आहेस कुठे?"

आठ दिवसांनी पत्र आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. लिहिलं होतं, "दुकानासमोरील थांब्यावर सहा फूट लांब, पाठ असलेला, चार लोखंडी पायांचा, हिरव्या रंगाचा एक मजबूत बोका पक्का बसविण्यात यावा. सर्वानुमते मंजूर." सोबत जनावरांच्या खात्याची चिठ्ठी होती. एवढ्या मापाचा बोका उपलब्ध नाही, त्याऐवजी मध्यम आकाराचे दोन चालतील का?

"बोका?" सासूबाई किंचाळल्या. "मी बाक मागितला होता!"

तडक नगरपालिका गाठली. कारकूनबाईंनी शांतपणे मूळ अर्ज काढून समोर ठेवला. सासूबाईंनी लिहिलं होतं बाकच. मग वाचून पटल्यावर सवयीने डोक्यावर तिरकी रेघ, ती नेमकी काना होता तिथे. अर्ज संपला म्हणून त्याच शब्दापुढे उभी रेघ. बाकाचा बोका त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता.

मी हसले. हसायला नको होतं. दोन दिवस मला जेवणात मीठ मिळालं नाही.

"आता खोडा की त्या दोन रेघा," सासूबाई कारकूनबाईंना म्हणाल्या. "मला काना-मात्रा खोडायचा अधिकार नाही," त्या म्हणाल्या. "पण एक करा. पुढच्या सभेत पहिलाच विषय असतो, मागच्या सभेचं लिखाण वाचून कायम करायचं. ते कायम व्हायच्या आत हात वर करा आणि चूक सांगा. एकदा कायम झालं की बोका कायम. मग नवा अर्ज, नवी सभा, आणि पावसाळ्यानंतर बघू."

त्या संध्याकाळी अक्कांचा फोन आला. "काय गं, बसवला का बाक?" सासूबाई म्हणाल्या, "बसवतायत." फोन ठेवला आणि मशीनवर नुसत्या बसून राहिल्या. दोराही ओवला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन म्हाताऱ्या आम्ही. किती गुरुवार राहिलेत, कोण मोजून देणार?" मीठ न घालणारी बाई ती हीच, हे मी तेवढ्यापुरतं विसरले.

पुढच्या सभेला जाताना मी त्यांच्याकडून शपथ घेतली, की कोणाच्याही कपड्यांकडे बघायचं नाही. अध्यक्षबाई आल्या. डावा खांदा दुरुस्त करून घेतला होता! सासूबाईंनी डोळे गच्च मिटले, पण शब्द पाळला.

लिखाण वाचणं सुरू झालं. बोका आला तसा सासूबाईंचा हात वर गेला. "अध्यक्षबाई, चूक आहे. तो बोका नाही, बाक आहे. रेघा माझ्या आहेत."

सभागृहात कुजबुज झाली. हातवरसाहेब उठले. न वाचता हात वर केला होता असं कबूल कसं करणार? म्हणाले, "चूक नाही. मी विचारपूर्वक सुचवलं होतं. थांब्यावर उंदरांचा फार त्रास आहे."

"आणि सहा फुटी कशाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"उंदीर मोठे आहेत."

"हिरवा कशाला?"

साहेबांनी घाम पुसला. "झाडीत दिसू नये म्हणून."

लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी होते. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "साहेब, तुमचा बोका बसला तर माझी अक्का कुठे बसणार? तिला उभं राहवत नाही, म्हणून ती येत नाही. ती आली नाही की मला करमत नाही. मी हे तिला अजून सांगितलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. मला बाक द्या."

कोणी घंटा वाजवली नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "दुरुस्ती मान्य असणाऱ्यांनी हात वर करा." पहिला हात कोणाचा, ते सांगायला नकोच.

तीन आठवड्यांनी बाक आला, हिरवा, सहा फुटी, पाठीसकट. पुढच्या गुरुवारी अक्का आल्या. बसमधून उतरल्या, बाकावर बसल्या आणि तिथूनच ओरडल्या, "पाठ फार ताठ आहे गं!" सासूबाई कात्री टाकून रस्त्यापलीकडे धावल्या. दुपारभर दोघी तिथेच भांडत बसल्या. चहा मी नेऊन दिला, काजं मी केली, गिऱ्हाइकांच्या शिव्याही मीच खाल्ल्या.

चारची बस त्या दिवशी, मेलीला बुद्धी झाली, चक्क चारला आली. अक्का गुडघा धरून उठल्या. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना ही. दुसरी आत्ता पाच मिनिटांत येते."

दुसरी बस तासाभराने असते. अक्कांना वेळापत्रक तोंडपाठ आहे. त्या परत बसल्या.