वॉल्टर कधीच खेळले नाहीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

अमेरिकेत नेपरव्हिलला आलो तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. शेजारी वॉल्टर राहायचे, नव्वदी ओलांडलेले. त्यांची मुलगी कॅरल कामावर गेली की सकाळी मी त्यांच्याजवळ बसायचे.

वॉल्टर तरुणपणी फुटबॉल खेळलेले — इथला, अंगावर धावून जाण्याचा — आणि तोही पगारी, त्या खेळात फारसा पैसा नव्हता तेव्हा. हेल्मेटला पुढे जाळी नसायची. नाक मोडलेलं ते तसंच राहिलं. उन्हाळ्यात वीटभट्टीवर राबायचे. मग गुडघा गेला, संघाने काढून टाकलं, आणि पुढचा सगळा जन्म दुधाची गाडी चालवली. हे त्यांनीच सांगितलेलं, हसत हसत.

नंतर सगळं पुसट होत गेलं. बायकोचं नाव गेलं, कॅरलचं गेलं. खेळ तेवढा राहिला. रोज विचारायचे, "आज मॅच आहे ना? माझे बूट कुठेत?" मी म्हणायचे, "उद्या आहे, वॉल्टर." तेवढ्यावर भागायचं. इतकं सोपं होतं, बघा.

त्या दिवशी मी नागपूरला बहिणीशी फोनवर बोलत होते. दार उघडं दिसलं — वॉल्टर नुसत्या मोज्यांवर बर्फात उभे. ओढून आत आणलं. मी घाबरले होते, असं म्हणता येईल. पण खरं सांगू? चिडले होते. गप्पा तुटल्या म्हणून. त्यांनी पुन्हा बूट मागितले, आणि मी म्हटलं, "तुम्ही कधीच खेळला नाहीत, वॉल्टर. तुम्ही दूध पोचवायचात. बस्स."

"कधीच नाही?"

तिथे तरी थांबता आलं असतं ना मला?

"कधीच नाही."

"असं होय," म्हणाले, आणि खुर्चीत बसले. मला पाय पुसू दिले. मी बहिणीला परत फोन लावला.

त्यानंतर त्यांनी बूट मागितले नाहीत. कॅरलने संघाचा जुना फोटो पुढे धरला तर म्हणाले, "हा मी नाही. मी दूधवाला." ती किचनमध्ये येऊन रडली. "आजाराने तेवढंही नेलं," म्हणाली. मी — मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बर्फ वितळायच्या आत वॉल्टर गेले. चर्चमध्ये कॅरल बोलायला उभी राहिली. शेवटी शेवटी बाबांना आपण खेळाडू होतो हेही आठवत नव्हतं, म्हणाली. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "हिला विचारा. ही रोज त्यांच्याजवळ असायची."

सगळे माझ्याकडे वळले.

मी मान हलवली — हो म्हणून.