ओढ्याच्या वरच्या अंगाला

पाणी तपासणाऱ्या बाई म्हणजे डोक्याला ताप. वय असेल पस्तिशीचं, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट आणि तोंडी एकच वाक्य, "काका, जरा वर जाऊन बघू या." आता वर काय बघायचंय? पंप इथे, पाणी इथे, बाटली भरा आणि चालू लागा! पण नाही. गेल्या हंगामात बाईंनी मला ओढ्याच्या काठाने दीड तास चालवलं. वाटेत बदकं मोजली. खरंच मोजली हो!

परवा लेट्यूसची कापणी ठरली होती. गाडी दुपारी यायची होती आणि बाई सकाळीच हजर. मागच्या वेळी पाणी चांगलं निघालं होतं, तो कागद मी त्यांच्यापुढे नाचवला. "काका, ते पाणी केव्हाच वाहून गेलं," म्हणाल्या आणि निघाल्या वर. अर्ध्या तासाने शेणाने माखलेले बूट घेऊन परत आल्या. शेजाऱ्याच्या गोठ्याची मागची भिंत खचली होती आणि सगळी घाण सरळ ओढ्यात उतरत होती.

"शेवटचं पाणी कधी दिलंत?"

"काल. स्प्रिंकलरने."

"म्हणजे थेट पानांवर. आणि हे कुणी शिजवून खात नाही. चार दिवस कापू नका, पानांवरचे जंतू उन्हाने मरू देत. तोवर विहिरीचं पाणी द्या, ठिबकने."

चार दिवस! या उन्हात लेट्यूस कडू होऊन जाईल. माझं डोकंच फिरलं. "पंचवीस वर्षं हेच पाणी देतोय, कुणी मेलं का? शेण त्याच्या गाईंचं आणि शिक्षा मला? गाडी येणार म्हणजे येणार!" बाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. त्यांच्या या शांतपणाची तर मला भयंकर चीड येते.

तेवढ्यात माझी मुलगी चहा घेऊन बांधावर आली. बाळंतपणाला आलीय, आठवा महिना लागलाय. बाईंच्या हातात कप देऊन ती वाफ्याच्या कडेला टेकली, सवयीने एक पान खुडलं आणि तोंडाकडे नेलं.

"अगं, टाक ते!" मी असा ओरडलो की पलीकडच्या रानातली माणसं वळून बघायला लागली. धावत जाऊन तिच्या हातातलं पान हिसकावलं. "जा, हात धू आधी. साबणाने!"

"अहो बाबा, झालं काय?"

काय सांगणार, कपाळ? तसाच फोन काढला आणि गाडीवाल्याला म्हटलं, "आज येऊ नकोस."

बाई चहा पीत उभ्या होत्या. एखादा टोमणा मारला असता, तर निदान भांडता तरी आलं असतं मला!