होडी ओढणारा जावई

आमची होडी समुद्रापासून लांब राहते. सातिवलीत, आमच्या दोन खोल्यांच्या मागे, एका गोदामाच्या भिंतीला लागून. वडील जन्माने कळंबचे. त्यांच्या घराण्याच्या होड्या जिथे वाळूवर ओढून ठेवत, तिथे आता सुट्टीला येणाऱ्यांसाठी कॉटेजेस आहेत. ती जागा कुणी लुबाडली नाही. चुलत्यांनी हसत हसत सह्या केल्या. वडिलांनी मात्र भांडून स्वतःपुरती फायबरची लहान होडी घेतली, आणि मग ती ठेवायला किनाऱ्यावर वीतभर जागा उरली नाही.

म्हणून मी शाळेत असल्यापासून आमचं हे असं चाललंय. वडिलांना कारखान्यात सुट्टी असली आणि भरतीची वेळ जुळली की जुन्या जीपला ट्रॉली जोडायची, तिच्यावर होडी चढवायची, मागे लाल फडकं बांधायचं आणि निघायचं. हायवे, नालासोपाऱ्याचा पूल, निर्मळ, कळंब. मासळी वर, उत्तरेकडे सरकली असेल तर केळव्यापर्यंत, एकदा तर डहाणूपर्यंत. सिग्नलला रिक्षावाले विचारतात, "काका, पुढे पाणी भरलंय का?" वडील दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगतात, "अजून नाय."

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. कामगारांची, किनारा वाचवणाऱ्यांची, दरवाढीची. गठ्ठे खाटेखाली असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे कुठलीही गोष्ट मला आधी मागणीच्या रूपात सुचते. कॉलेजात मी वारसाहक्काविरुद्ध चार पानी पत्रक लिहिलं होतं. जो राबतो त्याचं साधन, जन्मावर काही ठरू नये, असं त्यात ठणकावून म्हटलं होतं. ते लिहितानासुद्धा मला पक्कं ठाऊक होतं की होडी माझी होणार.

अडचण एकच होती. मला ट्रॉली मागे घेता येत नव्हती.

पुढे ओढत नेणं कुणालाही जमेल. खरं काम किनाऱ्यावर असतं, होडी पाण्याकडे तोंड करून नाही, पाण्याकडे पाठ करून न्यायची असते. ट्रॉलीचं टोक डावीकडे हवं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि वळायला लागली की लगेच सोडून द्यायचं. मी दोन वर्षं प्रयत्न केला. दर वेळी ट्रॉली कोपरात दुमडल्यासारखी जीपला येऊन भिडायची. वडील माझ्या बाजूचं दार उघडायचे आणि मी उतरायचे.

मग त्यांची नजर गेली. म्हणजे पूर्ण नाही, पण साखरेमुळे एक डोळा धुरकट झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्याच सुमारास मोठ्या बहिणीचा नवरा आमच्या मागच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "मामा, मी बघू का जरा?"

भावजी सांगलीकडचे. विरारला फ्लॅट, मुंबईत नोकरी, शर्ट नेहमी इस्त्रीचा. समुद्रात पाय त्यांनी लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घातला. पोहता येत नाही, आणि मासा काट्यासकट कसा खायचा हे अजून बहीण शिकवते. पण त्यांचं लहानपण ट्रॅक्टरवर गेलेलं. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, उसाने गच्च भरलेल्या, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उलट्या नेऊन लावणारा माणूस. त्यांनी एक कोपर खिडकीबाहेर ठेवलं आणि दोन टेम्पोंच्या मधून आमची होडी एका दमात भिंतीला नेऊन लावली.

वडिलांनी होडी आणि भिंतीमधलं अंतर वितीने मोजून पाहिलं.

"उसापुढं हे काय बगा," भावजी उतरत म्हणाले. "हिला शेपूट एकच हाय."

त्या दिवशी जेवताना रावसाचं डोकं भावजींच्या ताटात पडलं. आमच्याकडे डोकं कुणाला मिळतं याला अर्थ असतो. इतकी वर्षं ते माझं होतं. त्यांना ते खाता येईना, वरवर टोकरून त्यांनी बाजूला ठेवलं, आणि मी त्या न चोखलेल्या डोक्याकडे बघत भात संपवला. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग मला चांगला येतो, त्याची सवय आहे. हे वेगळं होतं. त्यांनी वाईट चालवावी असं मला वाटत होतं, आणि ते इतकी सुंदर चालवत होते की मला बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

मी त्याला तत्त्वाचे कपडे घातले. पाहुण्याला आयतं साधन देणं कसं चूक, जावई म्हणून मिळणारा मान ही कशी जुनाट गोष्ट, मुलीला डावलणं कसं घरापासून सुरू होतं, असं मी एका रविवारी बरंच बोलले. त्यातलं खोटं एकही वाक्य नव्हतं. बहीण कोलंबी सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझं पत्रक झालं की हात धू आणि मीठ दे."

नारळी पौर्णिमेनंतर हंगामाची पहिली फेरी निघाली. वडिलांनी माझ्यादेखत चावी भावजींच्या हातात ठेवली. मला नेहमीसारखं म्हणाले, "बाय, तू बूच बघ."

होडीच्या तळाशी, मागच्या बाजूला, एक भोक असतं. ट्रॉलीवर असताना ते उघडं ठेवतात, म्हणजे पावसाचं, धुतल्याचं पाणी निघून जातं. पाण्यात उतरवण्याआधी त्यात रबराचं बूच फिरवून घट्ट बसवायचं. वाकायचं, चार आटे फिरवायचे, झालं. माझ्या हिशेबी पोराटोराचं काम.

कळंबला उतारावर भावजींनी एकदाच आरशात पाहिलं आणि होडी सरळ रेषेत पाण्याच्या काठाला नेऊन थांबवली. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली आणि वडिलांना विचारलं, "हा कोनाचा रे?"

वडील म्हणाले, "आमचा."

मी ट्रॉलीमागे उभी होते. बूच मुठीत होतं. मी विसरले नव्हते, हे मला इथे स्वच्छ लिहायचंय. भावजी लाटांना बिचकत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होते, वडिलांचा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि मी मूठ मिटलेलीच ठेवली. एकदा फजिती होऊ दे, एवढंच मनात आलं. पाणी कमरेइतकंच आहे, कुणाला काही होणार नाही, हेही मी स्वतःला सांगितलं. म्हणजे विचार करायला वेळ होता.

होडी सरकली. दोघं चढले. वडिलांनी इंजिन सुरू केलं आणि काठापासून थोडे पुढे गेले. फायबरच्या होडीला दुहेरी तळ असतो, पाणी आधी आत लपून भरतं. वडिलांच्या धूसर डोळ्याला ते दिसलं नाही, पण पायांना कळलं. होडीचा मागचा भाग जड झाला. त्यांनी वळवेपर्यंत लाट आत आली, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. भावजी दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. नारिंगी लाइफ जाकीट कानापर्यंत वर चढलेलं, चेहरा पांढरा. मी कपड्यांसकट पाण्यात धावले, म्हातारा आणि आणखी दोघं आले, आणि आम्ही ती ओढत काठाला आणली.

वडील उतरून तळाशी वाकले. बोट भोकात घातलं.

"बूच कुनी लावलं?"

मी तोंड उघडायच्या आधी भावजी म्हणाले, "माझ्याकडनं राहिलं, मामा. मी लावतो म्हनलो आन् गडबडीत..."

त्यांचे दात वाजत होते. कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं, तर लाज नव्हे. हेही यांनी माझ्याआधी केलं, असं वाटलं. ट्रॉली घेतली, डोकं घेतलं, आता दोषसुद्धा घेतला, तोही किती सहज. त्यांच्या खोट्यापेक्षा माझं खरं मोठं दिसावं म्हणून मी मूठ उघडली.

"खोटं बोलतायत. बूच माझ्याकडे होतं. मी मुद्दाम लावलं नाही."

सभेत बोलावं तसं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हाताऱ्याने परत जाऊन जाळ्यात मान घातली. वडिलांनी माझ्या तळहातावरून बूच उचललं. आतलं पाणी निघेपर्यंत ते लावता येणार नव्हतं, त्यामुळे आम्ही तिघं त्या बारीक धारेशेजारी उभे राहिलो. बराच वेळ लागला.

धार बारीक झाल्यावर वडील बोलले, भोकाकडेच बघत. "चावी मी कुनालाबी देतो. रस्त्यावर काय, धडकली तर धडकली. बूच मी इतकी वर्षं कधी तपासलं नाय. तू लावलं म्हनजे लावलं." मग त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि वर बटण लावलं.

तेव्हापासून ते स्वतः वाकतात. गुडघे दुखतात, भोक नीट दिसत नाही, चाचपडून आटे फिरवतात. मी शेजारी उभी असते. भावजींकडे चावी आहे, आणि मला अजून त्यांचा मत्सर वाटतो, हेही खरं. ते आरशात बघून ट्रॉली मागे घेताना माझा हात शोधतात, मी इकडे-तिकडे दाखवते, आणि त्यांना त्याची गरज नाही हे आम्हा दोघांनाही माहीत असतं.

गेल्या महिन्यात केळव्याला निघालो होतो. वडील मध्ये बसून डुलक्या घेत होते. हायवे सोडल्यावर एका मोकळ्या पटांगणाशी भावजींनी जीप थांबवली, उतरले, माझ्या बाजूला आले. हळूच म्हणाले, "मेव्हणीबाई, घ्या. मामा झोपल्यात. हितं दुमडली तरी कुनी बघत नाही. तासाभरात शिकवतो."

स्टिअरिंग समोर होतं. दोन वर्षं मला तेच हवं होतं. मी वडिलांना हलवून उठवलं.

"बाबा, आज बूच मी लावू?"

त्यांनी धुरकट डोळा माझ्याकडे वळवला, मग दार उघडं धरून उभ्या असलेल्या भावजींकडे. खिशावर हात ठेवला, बटण चाचपलं, पण काढलं नाही.

"केळवं तर येऊ दे," म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.