हळदीकुंकू लावलेला इनक्युबेटर

दसऱ्याला गावी, वालूरला घरीच होते. दाराला तोरण बांधलं, मोबाईल उघडला... आणि परभणीच्या आमच्या लॅबच्या ग्रुपवर फोटो! लॅब आवरणाऱ्या सुमनमावशींनी मशीनची पूजा केली होती. माझ्या इनक्युबेटरला, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार पेटीला झेंडूचा हार, तिच्या दारावर हळदीकुंकू, आणि आरतीच्या ताटाशेजारी चुरगळलेला फॉइलचा कागद.

फोटो मोठा करून तो कागद पुन्हा बघितला. आत माझ्या पेशींचा डबा असतो, उजेड लागू नये म्हणून फॉइलमध्ये गुंडाळलेला.

त्या जिवंत पेशींत मी दोन प्रथिनं बसवली आहेत. अंधारात ती लांब राहतात, निळा उजेड पडला की एकमेकांना धरतात... आणि त्यांनी धरलं की पेशी मरते. ट्यूबलाइटच्या उजेडातही निळा असतो, म्हणून आम्ही लाल दिव्यात काम करतो. चार महिने खपून वाढवलेल्या या पेशी सोमवारी माझ्या गाइड सरांना दाखवायच्या होत्या. दोनदा फसलं होतं. आता फसलं तर पीएचडी सोडून घरी, हे ठरलेलंच.

मावशींचा फोन लागेना. सेलूपर्यंत जीप, पुढे परभणीची एसटी... आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. खिडकीतून मांडीवर ऊन येत होतं आणि मला त्याचीही भीती वाटत होती.

लॅबमध्ये लाल दिवा चालू होता. मावशी कोपऱ्यात फरशी पुसत होत्या. मी सरळ इनक्युबेटरमधून डबा बाहेर काढला. फॉइल धड दिसत होतं, पण विश्वास बसेना... सगळं सोडलं. आतल्या पेशींच्या प्लेटा उघड्या झाल्या. त्या लाल उजेडात नीट दिसेना म्हणून माझा हात भिंतीवरच्या ट्यूबलाइटच्या बटनाकडे गेला.

मावशींनी मनगटच धरलं.

"काय करायलात ताई! मोठी लाइट लावायची न्हाई म्हणून तुमीच सांगितलं ना मला?"

"मावशी, फोटोतला तो कागद..."

"त्यो माझ्या पुरणपोळ्यांचा हाय. तुमच्या डब्याला हात बी लावला न्हाई मी. पूजा बी ह्या लाल बत्तीतच केली, फोटो तेवढा दार उघडून बाहेरच्या उजेडात काढला, तुमचं मशीन बंदच व्हतं."

मायक्रोस्कोपच्या दिव्यालाही लाल काच लावून बघितलं... सगळ्या पेशी जिवंत. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. मावशींनी माझ्या हातात पोळी ठेवली.

वालूरपासून सगळा रस्ता मी मावशींच्या हातांना घाबरत आले होते. पेशींचा जीव माझ्या हाताने जाणार होता, आणि तो वाचवला मावशींच्याच हाताने.